रांगेत तुंबलेले परतीचे मेल

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागात डीएनएसबद्दल बोलताना मी सहज म्हणून गेलो होतो की मेल सर्व्हरच्या रांगेवर एकदा नीट बोलायला हवं. त्यावर दोघातिघांनी लगेच कळवलं, "रांग म्हणजे क्यू ना? मग क्यूच म्हणा की." बरं, आज दोन्ही म्हणेन. जीभ जिकडे वळेल तिकडे.

प्रश्न साधा आहे. सर्व्हरच्या क्यूमध्ये हजारो बाउन्स तुंबलेत, म्हणजे "तुमचा मेल पोचला नाही" असं सांगणारे परतीचे मेल. ते सगळे स्पॅमपायी तयार झालेले आहेत. आणि त्यांच्या गर्दीत कंपनीचे खरे मेल अडकलेत. करायचं काय? शोधायला गेलात तर एका ओळीची कमांड मिळते: सगळे बाउन्स पुसून टाका. मीही एकदा तेच केलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचे उपाय नुसते पाठ होतील, पटणार नाहीत.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. भोसरी एमआयडीसीत मशिनचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. मी तिथला नोकर नव्हतो, त्यांच्या मेलचं काम महिन्याच्या कंत्राटावर बघायचो. त्यांच्याकडे दोन सर्व्हर होते. एक आतला, ज्यावर सगळ्यांचे मेलबॉक्स, साधारण १४० लोक. आणि दुसरा दारावरचा, लिनक्सवर पोस्टफिक्स. बाहेरून येणारा मेल आधी दारावर यायचा, तिथून आत. आणि आतून जाणारा मेलसुद्धा त्याच दारातून बाहेर. एकच दार, येण्याचं आणि जाण्याचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोमवारी सकाळी फोन. शनिवारपासून मेल रखडत जातायत, काही जातच नाहीयेत. मी लॉगिन केलं आणि मेलक्यू टाकलं. ही कमांड क्यूमधला एकेक मेसेज दाखवते आणि शेवटच्या ओळीत एकूण आकडा देते. त्या सर्व्हरवर एरवी चाळीस-पन्नास असायचे. त्या दिवशी स्क्रीन नुसती पळत सुटली. थांबली तेव्हा शेवटच्या ओळीत आकडा होता ४२ हजारांच्या वर. आणि जवळजवळ प्रत्येकापुढे पाठवणारा एकच: मेलर-डीमन. ज्यांना पाठवायचे ते पत्ते मात्र जगभरचे. रशियाचे, ब्राझीलचे, कुठले कुठले. या कारखान्याचा त्यांच्याशी काय संबंध?

आता हे कसं होतं ते सांगतो. सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन आलाय असं समजा. त्याच्याकडे रहिवाशांची यादी नाही. कुरियरवाला येतो, म्हणतो, "सी विंग, पंधराशे दोन." सोसायटीत सी विंगच नाही. पण वॉचमनला काय माहीत? तो सही करून पार्सल ठेवून घेतो. कुरियरवाला सुटला, पार्सल वॉचमनच्या गळ्यात. तो आत जाऊन विचारतो. सेक्रेटरी म्हणतात, असं कुणी राहत नाही इथे. मग बिचारा पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतो आणि तिकडे परत धाडतो. तो पत्ता निघतो खोटा. किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी, ज्याने काही पाठवलेलंच नाही.

आमचा दारावरचा सर्व्हर हाच वॉचमन. स्पॅम पाठवणारे काय करतात, तुमचं डोमेन घेतात आणि समोर नावं लावत सुटतात. अमित, अनिल, सेल्स, सेल्स१, अकाउंट, जॉन, मारिया, काहीही. शंभरातलं एखादं लागलं तरी त्यांचं भागतं. आणि पाठवणाऱ्याच्या जागी ते खोटा पत्ता टाकतात. तो टाकायला कुणी अडवत नाही, पाकिटावर कुणाचंही नाव लिहिता येतं तसं. दारावरच्या सर्व्हरकडे १४० जणांची यादी नव्हती. या डोमेनचं जे येईल ते घ्यायचं आणि आत ढकलायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. सांगणारा कोण? मीच.

इथे एसएमटीपी थोडं समजून घ्यावं लागेल. दोन सर्व्हर बोलतात तेव्हा पाठवणारा आधी सांगतो, मेल कुणाकडून आहे. मग सांगतो, कुणासाठी आहे. या दुसऱ्या वाक्यावरच घेणारा म्हणू शकतो, "५५०, असं कुणी नाही इथे." तिथे विषय संपला. मेल अजून पाठवणाऱ्याच्याच हातात आहे, पुढचं त्याचं तो बघेल. पण घेणाऱ्याने पूर्ण मजकूर घेऊन शेवटी "२५०" म्हटलं, की जबाबदारी त्याच्याकडे आली. आता एक तर पोचवायचा, नाही तर पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. गुपचूप गिळून टाकायचा नाही. ही आजची सोय नाही बरं का. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ पासून हा नियम आहे आणि २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही तो तसाच आहे.

त्या जुन्या कागदातच आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. परतीच्या मेलवर पाठवणाऱ्याची जागा रिकामी ठेवायची. का? समजा परतीचा मेलही पोचला नाही. तर त्याची परत बातमी, तीही पोचली नाही, तिची परत बातमी, असं दोन सर्व्हर एकमेकांना अनंत काळ पत्रं लिहीत बसतील. जागा रिकामी असली की साखळी तिथेच तुटते. आपल्याला मेलक्यूमध्ये जे मेलर-डीमन दिसतं ते या रिकाम्या जागेचंच दाखवायचं नाव.

तर झालं असं. दारावरचा सर्व्हर स्पॅमला २५० म्हणाला. आतला सर्व्हर त्याला ५५० म्हणाला. दारावरचा मध्येच लटकला आणि नियमाप्रमाणे खोट्या पत्त्यावर "तुमचा मेल पोचला नाही" लिहायला बसला. ते पत्ते एक तर अस्तित्वातच नाहीत, किंवा तिकडचा सर्व्हर बंद, किंवा तो म्हणतो नंतर या. मग पोस्टफिक्स तो मेसेज डिफर्डमध्ये ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. किती दिवस? मुद्दाम बदललं नसेल तर ५ दिवस.

आणि खरे मेल का अडकतात? हिशोब करून बघा. पोस्टफिक्स एका वेळी साधारण १०० प्रोसेस बाहेर मेल टाकायला लावतं. समोरचा सर्व्हर उत्तरच देत नसेल तर प्रत्येक प्रोसेस जोडणीसाठी ३० सेकंद वाट बघते. म्हणजे मिनिटाला २०० प्रयत्न. ४२ हजार मेसेजना, प्रत्येकाचं डोमेन वेगळं आणि सगळीकडे अंधार असं धरलं, तर एक फेरी व्हायला साडेतीन तास. त्यात ॲक्टिव्ह क्यूची मर्यादा २० हजार. ती भरली की नवीन आलेला मेल बाहेरच उभा. तुमच्या सेल्सच्या माणसाने पाठवलेलं कोटेशन त्या गर्दीत कुठेतरी मागे. सर्व्हर बंद नाही, प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी, सगळं ठीक दिसतं. आणि मेल जात नाही.

मला त्या सोमवारी एवढं कळलेलं होतं. पण सगळे फोनवर फोन करत होते. मी काय केलं, मेलक्यूच्या आउटपुटमधून मेलर-डीमनवाल्या ओळी गाळून घेतल्या, त्यांचे क्यू आयडी काढले आणि पोस्टसुपरला मायनस डी लावून देऊन टाकले. डी म्हणजे डिलीट. दहा-बारा मिनिटं डिस्क खडखडली. क्यू ४२ हजारांवरून दोनशेवर आली, पुढच्या पाच मिनिटांत वीसवर. मालकांनी स्वतः चहा मागवला.

बुधवारी पुन्हा फोन आला. या वेळी मालकांचा, आणि आवाज वेगळा. सेल्समधल्या मॅडमनी शनिवारी दुपारी एका मोठ्या ग्राहकाला कोटेशन पाठवलं होतं. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचची. बुधवारी चौकशी केली तर तिकडून उत्तर, तुमचं कोटेशन आलेलंच नाही. पत्ता टाईप करताना मॅडमकडून एक अक्षर चुकलं होतं. मी पोचलो तेव्हा केबिनमध्ये मालक बोलत होते आणि त्या उभ्या होत्या. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या: "सर, पत्ता चुकला असता तर मेल परत आला असता ना. नेहमी येतो. आला नाही, म्हणून मला वाटलं गेला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, विचार करा. मेल वापरणारा प्रत्येक माणूस याच भरवशावर बसलेला असतो. परत आला नाही म्हणजे पोचला.

मी लॉग उघडला. त्यात सगळं होतं. शनिवारी दुपारी मेल दारावर आला. तुंबलेल्या रांगेत पडून राहिला. रविवारी मध्यरात्रीनंतर ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंत गेला आणि तिथे नकार मिळाला, असा वापरकर्ता नाही. लगेच खालच्या ओळीत पोस्टफिक्सने नोंद केली होती की पाठवणाऱ्याला न पोचल्याची सूचना तयार केली, आणि त्या सूचनेचा क्यू आयडी. ती सूचना मॅडमच्या मेलबॉक्सकडे निघाली होती आणि त्याच गर्दीत उभी होती. सोमवारी सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी तोच आयडी, पुढे पोस्टसुपर, आणि एक शब्द: रिमूव्ह्ड.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग मालकांना दाखवली. त्यांनी विचारलं, "म्हणजे यांना कळलं असतं?" म्हटलं, हो. सोमवारी सकाळीच कळलं असतं. पूर्ण दीड दिवस हातात होता. ते काही बोलले नाहीत. मॅडमना म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या." मॅडम गेल्या. मला मात्र त्या दिवशी चहा नव्हता. त्या महिन्याचं बिल मी लावलं नाही, लावायचं धैर्यही नव्हतं.

तर आता, त्या सोमवारी काय करायला हवं होतं?

पहिलं, पुसण्याऐवजी बाजूला ठेवायला हवं होतं. पोस्टसुपरला मायनस एच लावलं की मेसेज होल्डमध्ये जातो. तो पाठवला जात नाही, रांग अडवत नाही, पण नष्टही होत नाही. गर्दी तेवढ्याच वेगाने हलते आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. मग त्यातले दहा-पंधरा उघडून वाचायचे. पोस्टकॅटला मायनस क्यू आणि आयडी दिला की अख्खा मेसेज दिसतो. परतीच्या मेलच्या पोटात मूळ मेलचे हेडर असतात. कुणासाठी होता, विषय काय होता, नकार कुणी दिला, सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या क्यूमध्ये हा कचरा कुठून येतोय ते तिथेच कळतं, अंदाज करावा लागत नाही. क्यूशेप नावाची आणखी एक छोटी कमांड पोस्टफिक्सबरोबर येते. कुठल्या डोमेनचे किती मेसेज आणि ते किती वेळ पडून आहेत याचा तक्ता ती देते. तीही जरूर बघा.

दुसरं, आणि हे मला तेव्हा सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं. सगळे बाउन्स सारखे नसतात, आणि वेगळे करणं अगदी सोपं आहे. माझ्या दारावरच्या सर्व्हरवर मेलर-डीमनचे जे मेसेज बाहेर चालले होते, ते बहुतेक सगळे स्पॅमपायी तयार झालेले. आणि जे आत, आमच्याच डोमेनकडे चालले होते, त्यात आमच्या माणसांसाठीची खरी बातमी असणार. मॅडमचा मेल त्यातलाच. म्हणजे गाळणी लावताना नुसता पाठवणारा बघायचा नाही, घेणाराही बघायचा. कमांडमध्ये एवढीच एक अट वाढवायला हवी होती.

"बहुतेक सगळे" म्हटलं ते मुद्दाम. बाहेरच्या एखाद्या खऱ्या माणसाने आमच्या कुणाचा पत्ता चुकवला असेल, तर त्याच्यासाठीची बातमीही बाहेरच चालली असणार. ४२ हजारांत असे चार असतील. ते हाताने शोधणं शक्य नव्हतं. पण ते तयारच होऊ नयेत अशी सोय करता येते, आणि खरं काम तेच आहे.

वॉचमनला यादी द्यायची. पोस्टफिक्समध्ये, दुसऱ्यासाठी मेल घेणाऱ्या सर्व्हरला, रिले रेसिपियंट मॅप्स म्हणून एक सेटिंग आहे. त्यात खरे पत्ते भरायचे. ते रिकामं असेल तर पोस्टफिक्स त्या डोमेनचा कुठलाही पत्ता स्वीकारतं, आमच्याकडे ते रिकामंच होतं. यादी भरली की यादीबाहेरच्या पत्त्याला दारातच ५५०. मजकूर घ्यायचाच नाही. मेल हातात नाही, म्हणजे परत करायचाही प्रश्न नाही.

आणि त्या चार खऱ्या माणसांचं काय? त्यांची सोयही यातच होते. खऱ्या माणसाचा मेल खऱ्या सर्व्हरकडून येतो. त्या सर्व्हरला आमच्याकडून ५५० मिळालं की तोच आपल्या माणसाला कळवतो. त्याला आपला माणूस कोण ते नक्की माहीत असतं, खोट्या पत्त्याचा प्रश्नच नाही. आणि स्पॅम पाठवणारा प्रोग्राम ५५० ऐकून पुढच्या नावाकडे वळतो. कुणाला काही कळवण्याच्या भानगडीत पडत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण यादी बनवायला मला चार दिवस लागले. एचआरकडून नावं आली, त्यात सहा महिन्यांपूर्वी सोडून गेलेले लोक होते आणि गेल्या महिन्यात आलेले नव्हते. शिवाय माणसाच्या नावाचे नसलेले पत्ते असतात. परचेस, डिस्पॅच, क्वालिटी. आणि एक होता स्क्रॅप. भंगार घेणारे लोक त्यावर भाव पाठवायचे. तो स्टोअरच्या एका साहेबांनी कधी तरी करून घेतलेला, एचआरच्या बापालाही माहीत नाही. म्हणून कागदी यादीवर विसंबू नका, यादी आतल्या सर्व्हरवरूनच काढा. एलडॅप असेल तर पोस्टफिक्सला थेट तिथेच बघायला लावता येतं, नाही तर रोज रात्री स्क्रिप्टने यादी उचलून आणायची. पोस्टमास्टरचा पत्ता मात्र विसरू नका. तो प्रत्येक डोमेनवर चालू असावा असा नियमच आहे.

आणि पहिल्याच दिवशी थेट ५५० द्यायला जाऊ नका. सॉफ्ट बाउन्स म्हणून एक सेटिंग आहे. ते चालू केलं की पाचशेचे नकार चारशेचे होतात. म्हणजे "नाही" ऐवजी "आत्ता नाही". पाठवणारा सर्व्हर मेल सांभाळून ठेवतो आणि पुन्हा येतो. तेवढ्यात तुम्ही लॉगमध्ये बघायचं, कुणी ओळखीचा माणूस तर अडला नाही ना. तो स्क्रॅपवाला मला असाच सापडला. दोन-तीन दिवस बघून मग ते बंद करायचं. विसरलात तर चालूच राहतं, आणि मग कुणालाच ठाम नकार जात नाही.

यादी काढणं अगदीच शक्य नसेल, आतला सर्व्हर दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असेल, तर पोस्टफिक्सच्या २.१ आवृत्तीपासून पत्ता पडताळायची सोय आहे. मेल आला की दारावरचा सर्व्हर आत जाऊन विचारतो, हा माणूस आहे का? उत्तर लक्षात ठेवतो आणि त्याप्रमाणे वागतो. इंटरकॉमवरून फ्लॅटला विचारतात ना, तसं. पण आतला सर्व्हर स्वतःच सगळ्याला हो म्हणणारा असेल तर याचा काही उपयोग नाही, ते आधी तपासा. आणि इथेही सुरुवातीचा नकार ४५०, म्हणजे तात्पुरताच असतो. खात्री पटली की आपण ५५० करायचं.

कुणी म्हणेल, असे नकार दिले तर स्पॅमवाल्यांना खरे पत्ते कळतील की. थोडे कळतील, खरं आहे. पण एकाच जोडणीत चुकांवर चुका झाल्या की पोस्टफिक्स आधी उत्तर द्यायला वेळ लावतं आणि २० चुकांनंतर जोडणी तोडून टाकतं. मला तो सौदा परवडतो.

हे केल्यावर क्यू शंभराच्या आत आली. शून्यावर नाही आली. कारण कचरा आणखी दोन-तीन वाटांनी येत होता, त्या पटापट सांगतो. एक म्हणजे व्हायरस स्कॅनर. जुन्या पद्धतीचे स्कॅनर मेल घेतल्यावर तपासतात आणि पाठवणाऱ्याला कळवतात, तुमच्या मेलमध्ये व्हायरस होता. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ आला, जानेवारी २००४ मध्ये मायडूम. दोघेही पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लावायचे, आणि जगभरचे स्कॅनर भलत्याच लोकांना सूचना पाठवत बसले. व्हायरसइतकाच ताप त्या सूचनांचा झाला. ती सूचना बंद करा, मेल बाजूला काढून ठेवा, पाठवणाऱ्याला काही कळवू नका. दुसरं म्हणजे फॉरवर्ड. कुणीतरी आपला ऑफिसचा मेल जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवलेला असतो. त्यात स्पॅमही जातो, जीमेल तो घेत नाही, आणि परतीचा मेल लिहायचं काम पुन्हा आपल्या गळ्यात. आमच्याकडे असे अकरा जण निघाले, त्यातले दोन तर मालकांच्या घरचेच. तिथे मी काय बोलणार! आधी स्पॅम गाळा आणि मग फॉरवर्ड होऊ द्या, एवढं केलं. तिसरं, भरलेले मेलबॉक्स आणि सुट्टीवर असल्याची आपोआप जाणारी उत्तरं. त्यांचं प्रमाण कमी असतं.

परतीचे मेल ५ दिवस धरून ठेवायची मुदत आहे ना, तीही कमी करता येते. साध्या मेलची आणि बाउन्सची मुदत वेगळी ठेवता येते. मी बाउन्सची १ दिवस केली. आतला सर्व्हर दिवसभर बंद राहण्याची शक्यता कमी होती म्हणून. तुमच्याकडे तसं होत असेल तर करू नका.

एक उपाय मात्र कुणी सांगितला तर अजिबात ऐकू नका. तो म्हणजे रिकाम्या पाठवणाऱ्याचा कुठलाही मेल दारातच बंद. पहिल्याच दिवशी क्यू स्वच्छ दिसेल. आणि त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून येणारी कुठलीच खरी परतीची बातमी तुमच्या माणसांपर्यंत येणार नाही. मी सोमवारी जे एकदा केलं, ते तुम्ही रोज करत राहाल. यादीबाहेरचे सगळे मेल एकाच डब्यात टाकायचे, हाही तसलाच उपाय. बाउन्स होत नाहीत हे खरं. पण तो डबा कोण वाचतं? महिन्याने डिस्क भरते.

उलट बाजूने हा मारा झाला तर काय, म्हणजे स्पॅम तुमच्या नावाने गेला आणि जगभरचे बाउन्स तुमच्याकडे आले तर? याला जो जॉब म्हणतात. १९९७ मध्ये जोज डॉट कॉमच्या मालकाने स्पॅम करणाऱ्या एकाचं खातं बंद केलं, आणि त्याने सूड म्हणून त्यांच्याच नावाने स्पॅम पाठवला, त्यावरून हे नाव पडलं. एसपीएफ आणि डीमार्क लावलेले असतील तर बरेच सर्व्हर असा खोटा मेल दारातच नाकारतात. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळा भाग करीन.

मागे सांगायचं राहिलं. आमच्या सर्व्हरचा आयपी दरम्यान एका काळ्या यादीत गेला होता. आमच्याकडून कुठल्या कुठल्या भलत्या लोकांना "तुमचा मेल पोचला नाही" असे हजारो मेल गेले, त्यामुळे. त्या लोकांच्या दृष्टीने आम्हीच स्पॅमवाले होतो, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. यादीतून नाव निघायला काही आठवडे गेले. तोवर काही ग्राहकांचे सर्व्हर आमचा मेल घेत नव्हते, पण निदान त्या नकाराची बातमी आमच्या माणसांपर्यंत पोचत होती.

तो कारखाना आता मोठा झालाय. मेल पाच वर्षांपूर्वी क्लाउडवर गेला, दारावरचा माझा सर्व्हर बंद झाला. मागे एकदा दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो होतो. त्या मॅडम तिथेच आहेत, आता सेल्सच्या हेड. मी बसलेलो असतानाच त्यांनी कुणाला तरी कोटेशन पाठवलं आणि लगेच फोन उचलला. "सर, मेल टाकलाय, आला का बघता जरा?" पलीकडून हो आल्यावरच फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

पुढच्या भागात ग्रेलिस्टिंगवर बोलू. प्रश्न असतील तर कळवत राहा. नमस्कार.